विश्लेषण : फोटोतले दाणे पुसताना चेहराच पुसला जातो का?

नारायणगाव, मंचर, जुन्नर किंवा घोडेगाव. बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत आणि फ्लेक्सच्या दुकानात एक मागणी हमखास येते. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते आणि म्हणते, ‘‘दादा, आजीचा एवढाच एक फोटो आहे. जरा साफ करून मोठा करून द्या. परवा दशक्रिया आहे.’’ फोटो नातवाच्या हळदीतला असतो. रात्रीची वेळ, मांडवात रंगीत दिवे, आणि आजी मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावणारी. चेहरा मोठा करावा तर त्यावर लाल-हिरव्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. दुकानातला ऑपरेटर ‘एआय’चे बटण दाबतो. अर्ध्या मिनिटात आजी गोरीपान, गुळगुळीत, वीस वर्षांनी लहान होते. घरचे पाहतात. फोटो छान आलेला असतो, पण ती आजी वाटत नाही.

हे ठिपके म्हणजे ‘नॉइज’. ते कमी करण्याची सोय आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. पण ते नेमके येतात कुठून, पुसताना त्यांच्याबरोबर काय जाते, आणि बिबट्यांच्या या पट्ट्यात हा प्रश्न केवळ सुंदर फोटोपुरता का राहत नाही?

नॉइज म्हणजे काय?

वळवाचा पाऊस सुरू होताना अंगणात दहा वाट्या ओळीने ठेवल्या, तर पहिल्या मिनिटात एका वाटीत तीन थेंब पडतील, शेजारच्या वाटीत सात. पाऊस सगळीकडे सारखाच, तरी मोजमाप वेगळे. तासभर धो-धो पाऊस झाला की मात्र सगळ्या वाट्या जवळपास सारख्याच भरतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अशाच लाखो बारीक वाट्या असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. पावसाच्या जागी असतात प्रकाशकण, म्हणजे फोटॉन.

याचे गणित सोपे आहे. एका पिक्सेलमध्ये सरासरी १०,००० प्रकाशकण पडणार असतील, तर प्रत्यक्षात त्यात साधारण १०० चा, म्हणजे वर्गमुळाइतका फरक पडतो. हा फरक १ टक्का, डोळ्यांना दिसतच नाही. रात्री मांडवात त्याच पिक्सेलमध्ये १०० प्रकाशकण आले, तर फरक १० चा. म्हणजे तब्बल १० टक्के. गालावरचे शेजारचे दोन पिक्सेल खरे तर एकाच रंगाचे, पण एक उजळ नोंदला जातो, दुसरा काळपट. हेच ते दाणे. त्यात सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सची स्वतःची थोडी खरखर मिसळते. सेन्सर तापलेला असेल आणि फोटो काही सेकंद उघडा ठेवून काढलेला असेल, तर उष्णतेमुळे आणखी भर पडते.

‘आयएसओ वाढवला म्हणून नॉइज आला’ असे फोटोग्राफरही सर्रास म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. आयएसओ वाढवणे म्हणजे लाउडस्पीकरचा आवाज वाढवणे. मुळात गाणारा हळू असेल, तर गाण्याबरोबर माइकची सूंऽऽ सुद्धा मोठी होते. दोष कमी प्रकाशाचा. अंधारा फोटो काढून नंतर ॲपमध्ये ब्राइटनेस वाढवला तरी हेच होते, उलट बहुतेक वेळा जास्तच होते.

मोबाइलमध्येच हा त्रास अधिक का?

सेन्सरच्या आकारामुळे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे ‘फुल फ्रेम’ कॅमेरा असेल, तर त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. अनेक मोबाइलमधला १/२.५५ इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर साधारण ५.६ बाय ४.२ मिलिमीटरचा, म्हणजे २४ चौरस मिलिमीटरच्या आसपास. पाऊस गोळा करायला एकाकडे परात आणि दुसऱ्याकडे झाकण. महागड्या फोनमधले सेन्सर याहून मोठे असतात, पण परातीची बरोबरी त्यांनाही जमत नाही.

फोन कंपन्यांनी यावर काढलेली युक्ती मात्र खरोखर हुशारीची आहे. एकाऐवजी लागोपाठ अनेक फोटो काढायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. दाणे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असतात, चेहरा त्याच जागी असतो. त्यामुळे सरासरीत दाणे एकमेकांना खोडतात. १६ फोटोंची सरासरी घेतली तर नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. गुगलने २०१८ मध्ये ‘नाइट साइट’ आणले, ॲपलने २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये ‘नाइट मोड’ दिला, आणि आता ही सोय बहुतेक फोनमध्ये आहे. या पद्धतीत फोन मनाने काही घालत नाही, खरा प्रकाशच जास्त गोळा करतो. अट एकच, समोरच्याने हलायचे नाही. हळदीत नाचणाऱ्या करवल्यांना ती अट मान्य नसते. तेव्हा फोन कमी फोटोंवर भागवतो आणि उरलेले दाणे पुसून टाकतो.

म्हणजेच, मोबाइलमधला साधा जेपीजी फोटो गॅलरीत येतो तेव्हा तो एकदा ‘धुतलेला’च असतो. त्यावर सेल्फी कॅमेऱ्याचा ब्यूटी फिल्टर चालू असेल तर दोनदा. मग व्हॉट्सॲपने तो दाबून लहान केलेला असतो. कमी पिक्सेल, शिवाय आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलेला तपशील. दुकानात पोहोचतो तो हा फोटो. अनेकदा तर घरातल्या ग्रुपवरून चार जणांच्या फोनमधून फिरून आलेला, किंवा स्टेटसचा स्क्रीनशॉट.

कोणता ठिपका ठेवायचा?

खरी अडचण इथे आहे. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने नॉइज म्हणजे शेजाऱ्यांशी न जुळणारा बारीक ठिपका. पण चेहऱ्यावरही असे ठिपके असतातच की! जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरकडच्या डोंगरी वाड्यांत, जुन्या पिढीतल्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण आहे. हिरवट, फिकट, वयाबरोबर त्वचेत मुरलेले. कुणाच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे व्रण, कुणाच्या गालावर तीळ, कष्टकरी माणसाच्या डोळ्यांच्या कडेला उन्हाने पडलेल्या बारीक रेघा. कमी प्रकाशातल्या फोटोत हे सगळे दोन-तीन पिक्सेलएवढेच उरते. दाण्याएवढेच. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखे दिसतात आणि दोन्ही जातात.

नॉइजचे दोन प्रकार समजून घेतले तर बराचसा चेहरा वाचवता येतो. एक रंगाचा नॉइज, म्हणजे लाल, हिरवे, जांभळे ठिपके. दुसरा उजेडाचा नॉइज, म्हणजे काळे-पांढरे दाणे. आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला बारीक फरक त्यामानाने कमी. म्हणून रंगाचा नॉइज बऱ्यापैकी पुसला तरी चेहरा तोच वाटतो. उजेडाचा नॉइज तेवढ्याच जोराने पुसला की चेहरा मेणाचा होतो. लाइटरूमसारख्या ॲपमध्ये या दोन्हींच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिलेल्या असतात, त्या याच कारणाने. एकच बटण असलेल्या ॲपमध्ये हा निर्णय तुमच्या हातात राहत नाही.

रंगाच्या पट्टीलाही मर्यादा आहे. ती शेवटपर्यंत ओढली तर कुंकवाचा लाल रंग कपाळावर पसरतो, हळदीचा पिवळा पदरात उतरतो आणि गोंदणाचा हिरवट रंग आजूबाजूच्या त्वचेत विरून जातो. गोंदण असलेल्या चेहऱ्यावर काम करताना पट्टी शून्यापासून हळूहळू वाढवावी. रंगीत ठिपके जिथे लक्ष वेधणे थांबवतात तिथेच थांबावे, पूर्ण नाहीसे होईपर्यंत नाही.

आणखी एक गोष्ट स्टुडिओतले जुने लोक करतात आणि घाईत असलेले विसरतात. संपूर्ण फोटोला एकच औषध द्यायचे नसते. मागचा मांडवाचा पडदा आणि काळोख जोरात पुसला तरी कुणाचे काही जात नाही. गाल आणि कपाळ हलक्या हाताने. डोळे, भुवया, ओठांची कड, नथ, केसांची रेघ आणि नऊवारीचा काठ यांना जवळपास हात लावायचा नाही. मास्क किंवा ब्रशची सोय असलेल्या कोणत्याही ॲपमध्ये हे करता येते. पार्श्वभूमी स्वच्छ आणि डोळे धारदार असले, तर गालावर राहिलेले थोडे दाणे पाहणाऱ्याला खटकत नाहीत. त्वचेला पोत असतो, तो तेवढ्याने भरून निघतो.

क्रमही महत्त्वाचा. आधी नॉइज कमी करायचा, धार वाढवायची ती नंतर. आधी शार्पनिंग केले, किंवा स्नॅपसीडमधले ‘स्ट्रक्चर’ वाढवले, तर दाण्यांनाही धार येते आणि मग ते पुसायला दुप्पट जोर लावावा लागतो. ‘फोटो फुटलाय, शार्प कर’ ही मागणी म्हणून उलट्या टोकाने सुरू होते.

आणि फोटो किती मोठा करून पाहायचा? स्क्रीनवर २०० टक्के झूम करून दाणे शोधत बसले तर ते सापडणारच. तोच फोटो सहा बाय चार इंचांच्या कागदावर छापला की निम्मे दाणे आपोआप दिसेनासे होतात. दहा फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सवर तर नॉइज हा मुख्य प्रश्नच नसतो. तिथे प्रश्न असतो पिक्सेलच्या संख्येचा. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४,००० बाय ३,००० पिक्सेलचा असतो, पण वीस जणांच्या ग्रुप फोटोत एका चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीचे जेमतेम २०० पिक्सेल येतात. चांगल्या छपाईचे इंचाला ३०० पिक्सेलचे माप लावले, तर तो चेहरा पाऊण इंचही भरत नाही. साध्या पासपोर्ट आकाराच्या फोटोलाही ४०० च्या वर पिक्सेल लागतात. दोन फुटी फ्लेक्सवर तोच चेहरा ताणला की इंचाला आठ पिक्सेल उरतात. अशा वेळी चेहरा मोठा करण्याचा हट्ट सोडून फोटो लहान ठेवावा आणि भोवती फुलांची चौकट मोठी करावी. ऑपरेटरला सुचवले तर तोही सुटकेचा निःश्वास टाकतो.

तमाशाच्या लाल दिव्यात काय होते?

नारायणगावला तमाशापंढरी म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मग चैत्र-वैशाखातल्या जत्रांत रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम चालतात. रंगमंचावरच्या कलावंताचा मोबाइलवर काढलेला चेहरा हा नॉइजसाठी सर्वात अवघड विषय. कारण आता तिथे एलईडीचे गडद लाल, निळे, जांभळे दिवे असतात.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे पिक्सेल तीन रंगांत वाटलेले असतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी, पाव लालसाठी, पाव निळ्यासाठी. चेहऱ्यावर फक्त लाल उजेड असेल, तर सेन्सरचे तीन चतुर्थांश पिक्सेल जवळजवळ उपाशी राहतात. मग घरी येऊन कुणी चेहरा ‘नैसर्गिक’ करायला लाल कमी आणि हिरवा-निळा वाढवतो, तेव्हा त्या उपाशी पिक्सेलमधली खरखर वर येते. कितीही नॉइज रिडक्शन लावा, चेहरा डागाळलेलाच राहतो.

यावरचा उतारा सोपा आहे, पण फारसे कुणी वापरत नाही. असा फोटो कृष्णधवल करावा आणि करताना लाल रंगाची मात्रा पूर्ण ठेवून हिरवा-निळा काढून टाकावा. लाल पिक्सेलमध्ये भरपूर प्रकाश आलेला असतो, त्यामुळे तो फोटो आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ निघतो. अट एवढीच, की लाल उजेड इतका तीव्र नसावा की गाल सपाट पांढरे झाले. ढोलकीवाल्यावर पांढरा झोत येईल त्या क्षणाची वाट पाहणे, हा त्याहून जुना उपाय.

एआय पुसते की नवे रंगवते?

नॉइज कमी करण्याचे जुने प्रकार शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेत, त्यामुळे सगळेच धूसर होई. २००५ मध्ये स्पेन आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘नॉन-लोकल मीन्स’ ही पद्धत मांडली. शेजारी न पाहता संपूर्ण फोटोत सारखे दिसणारे तुकडे शोधायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. लुगड्याच्या काठावरची नक्षी पुन्हा पुन्हा येते, तिला ही पद्धत छान लागू पडते. चेहरा मात्र एकच असतो. दोन डोळे आहेत, पण तेही हुबेहूब सारखे नसतात.

आताची एआय साधने वेगळ्या रस्त्याने जातात. लाखो स्वच्छ आणि दाणेदार फोटोंच्या जोड्या पाहून ती शिकलेली असतात, की असा दाणेदार गाल स्वच्छ असता तर बहुधा कसा दिसला असता. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा. ॲडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आणलेले ‘डीनॉइज’ सुरुवातीला फक्त रॉ फायलींवर चालत असे. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने न धुतलेली, न दाबलेली मूळ नोंद. अशा फाइलवर, पट्टी मध्यापेक्षा खाली ठेवून वापरले, तर हे साधन बऱ्यापैकी प्रामाणिक राहते. कारण अंदाज करायला त्याच्याकडे भरपूर खरी माहिती असते. अनेक अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ किंवा डीएनजीची सोय आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो तरी त्यात काढून ठेवायला हरकत नाही, जागा जास्त खातात एवढेच.

‘फेस एन्हान्स’, ‘रिस्टोअर फेस’ असे नाव असलेली बटणे ही वेगळी जात आहे. ती दाणे पुसत नाहीत, तिथे नवा चेहरा रंगवतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांचे ‘पल्स’ नावाचे साधन गाजले. अगदी कमी पिक्सेलच्या चेहऱ्यापासून ते स्पष्ट चेहरा तयार करत असे. कुणीतरी त्यात बराक ओबामा यांचा पिक्सेल-पिक्सेल झालेला फोटो टाकला. बाहेर आला एक गोरा माणूस. फोटो अतिशय स्वच्छ होता, एकही दाणा नाही. फक्त माणूस दुसरा होता. साधनाने शिकताना जे चेहरे जास्त पाहिले, तसाच चेहरा त्याने बनवून दिला.

आहुप्याच्या आजीचे चेहरे अशा साधनांनी किती पाहिले असतील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. नाकाची ठेवण थोडी बदलते, पापण्या दाट होतात, दात सरळ येतात, गोंदण जाते. पाहुण्यांना कळत नाही. मुलीला कळते. दशक्रियेच्या फ्लेक्सवर चार दिवस असा चेहरा राहिला तर फार बिघडत नाही म्हणावे, पण तोच फ्रेम होऊन भिंतीवर चढतो आणि नातवंडांसाठी तीच आजी ठरते. दुकानदाराचा यात दोष कमी. त्याच्यासमोर पाच गिऱ्हाइके उभी असतात आणि सगळ्यांना ‘क्लिअर’ पाहिजे असते. घरच्यांपैकी एकाने समोर बसून, मूळ फोटो शेजारी उघडा ठेवून, बदल पाहत जाणे एवढेच यावर करता येते. डोळे आणि दातांची ओळ आधी तपासावी, खोटेपणा तिथे लवकर उघडा पडतो.

बिबट्याच्या फोटोशी याचा काय संबंध?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वन विभागात येतात. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्या स्थिरावला. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा शेतकरी रात्री बांधावर असतो आणि बिबट्याही. समोर दोन डोळे चमकतात, हात थरथरत मोबाइल वर जातो. येणारा फोटो म्हणजे काळोख, दाणे आणि दोन ठिणग्या. तो कुत्रा असेल, रानमांजर असेल, तरस असेल किंवा बिबट्या असेल.

असा फोटो गावच्या ग्रुपवर पडला, की कुणीतरी उत्साहाने तो एआयने ‘क्लिअर’ करून टाकतो. आणि आजीच्या बाबतीत झाले तेच इथे होते. साधनाला रात्रीच्या शेतातले दोन चमकते डोळे दाखवले आणि ‘बिबट्या स्पष्ट कर’ म्हटले, तर ते ऐटदार बिबट्या काढून देते. ठिपक्यांसह. ते ठिपके कोणत्याही जिवंत जनावराच्या अंगावर नसतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, लोक रस्त्यावर उतरले. त्या तापलेल्या काळात पुणे-नाशिक पट्ट्यात एआयने बनवलेली बिबट्यांची छायाचित्रेही फिरत होती. खोडसाळपणे बनवलेला फोटो आणि चांगल्या हेतूने ‘साफ’ केलेला फोटो यांत पाहणाऱ्याला फरक करता येत नाही. पथक मात्र दोन्हीकडे धावते, आणि तेवढा वेळ खऱ्या ठिकाणी कुणी नसते.

ठिपक्यांना एवढे महत्त्व का? प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. डाव्या आणि उजव्या कुशीवरची नक्षीही सारखी नसते, म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप लावतात. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून बिबट्यांची मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेतीच्या, दाट वस्तीच्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आढळले. ही संख्या ठिपके जुळवूनच काढता येते. एका बिबट्याचे दहा फोटो म्हणजे दहा बिबटे नव्हेत, हे ठिपके सांगतात. पिंजऱ्यात आलेला बिबट्या तोच आहे की दुसराच, हा प्रश्नही गावाला आणि वन विभागाला वारंवार पडतो. त्यासाठी पायाचे ठसे असतात, मायक्रोचिप असते. माळशेज परिसरात सोडलेला आणि तिथून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेलेला ‘आजोबा’ २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत मेला, तेव्हा त्याची ओळख अशा चिपमुळेच पटली. चिप नसलेल्या बिबट्याच्या बाबतीत फोटोतली कुशी हाच मोठा आधार.

कॅमेरा ट्रॅपचे रात्रीचे फोटोही दाणेदारच असतात. इन्फ्रारेड प्रकाशात काढलेले ते फोटो कृष्णधवल येतात, जनावर चालत असेल तर फराटे पडतात. ठिपके ओळखण्यासाठी म्हणून अनेक अभ्यासक पांढरा फ्लॅश असलेले कॅमेरे पसंत करतात. नॉइज पुसण्याऐवजी प्रकाश वाढवायचा, तोच जुना उपाय. फोटो पाहण्याच्या सोयीसाठी उजळ केला, तरी मिळवणीसाठी मूळ फाइल बाजूला जशीच्या तशी ठेवलेली असावी लागते.

गावकऱ्याने मग काय करायचे? आधी सुरक्षित जागी जायचे, फोटो नंतर. फोटो निघालाच असेल तर तो उजळ करू नये, कापू नये, कोणत्याही ॲपमधून काढू नये. वन कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि फाइलमधली वेळ, जागा यांची नोंदही निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून गेला की ती टिकते. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. दाणेदार, अंधारा, डोळ्यांच्या दोन ठिणग्यांचा मूळ फोटो जाणकाराला पुष्कळ सांगतो. दोन डोळ्यांतले अंतर, जमिनीपासूनची उंची, शेजारच्या उसाच्या कांडीशी तुलना. चकचकीत केलेल्या फोटोत यातले काहीच विश्वासाचे राहत नाही.

फोटो काढतानाच काय करता येईल?

एडिटिंगमध्ये जे तासभर झगडून मिळत नाही, ते काढताना दोन पावलांनी मिळते. चार मीटरवरून झूम करण्याऐवजी दोन मीटरवर गेले, तर चेहऱ्याला चौपट पिक्सेल मिळतात. माणसाला ओट्यावरच्या बल्बपासून चार मीटरवर बसवण्याऐवजी दोन मीटरवर बसवले, तर त्याच्या चेहऱ्यावर चौपट उजेड पडतो आणि नॉइजचे प्रमाण निम्मे होते. बसलेल्या माणसासाठी फोन खांबाला टेकवून एक सेकंद स्थिर धरला, तर नाइट मोडला पुरेसे फोटो मिळतात. ब्यूटी फिल्टर बंद करावा. मूळ फाइल फोनमधून उडवण्याआधी एकदा कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी. व्हॉट्सॲपवरची प्रत म्हणजे मूळ फाइल नव्हे.

आणि वडीलधाऱ्यांचा फोटो काढायचा तर हळदीच्या रात्रीची वाट कशाला पाहायची? सकाळी आठ-नऊच्या सुमारास पडवीत ऊन आत येत नाही, पण उजेड भरपूर असतो. उंबऱ्याच्या आत दोन फुटांवर, तोंड बाहेर करून आजीला बसवले, तर साध्या फोनमध्येही गोंदणाचा ठिपका न ठिपका येतो आणि नॉइजची पट्टी उघडावीही लागत नाही. फोटो काढतोय म्हटल्यावर ती ‘माझा कशाला रे’ म्हणेल, पदर सावरेल, कुंकू नीट आहे का विचारेल. तेवढ्यात भिंतीला टेकून फोन स्थिर धरता येतो.